ई-सिक्स-बी: वाळवंटात चोख, खाडीकाठी चारशे फूट कमी

गोखले रोडवरच्या किंवा वाशी सेक्टर सतराच्या स्टेशनरीवाल्याकडे ‘ई-सिक्स-बी आहे का’ विचारलं, तर फार तर पेन्सिलींचा डबा पुढे येईल. ठाणे-नवी मुंबईत ही उड्डाणाचे हिशेब करायची गोल चकती दुकानात उलटसुलट करून बघायला मिळणं कठीण. एक तर ऑनलाइन मागवायची, नाहीतर परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आणवायची. न बघता घ्यायची वस्तू असल्याने कोणती घ्यावी, आल्यावर काय तपासावं आणि तिच्यावर विश्वास कुठपर्यंत ठेवावा, हे आधीच माहीत असलेलं बरं.

परीक्षण पूर्ण आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीचं आहे, एएसए कंपनी विकते त्या धाटणीच्या. पुठ्ठ्याची, प्लास्टिकची आणि खिशात मावणारी छोटी या तिच्या बहिणी तुलनेपुरत्या येतील. वाचणारा गृहीत धरलाय तो हौसेने उडायला शिकणारा, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्सच्या वाटेवरचा. त्यातही ॲरिझोनासारख्या वाळवंटी मुलखात जाऊन शिकणारा किंवा तिथेच राहून सुटीच्या दिवशी सेसना १७२ हे छोटं विमान भाड्याने घेणारा.

वस्तू काय आहे? एका बाजूला गोल स्लाइड रूल, दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा त्रिकोण सोडवायची फिरती पारदर्शक तबकडी आणि तिच्याखालून सरकणारी रेघारेघांची पट्टी. अमेरिकी नौदलाच्या राखीव दलातल्या फिलिप डाल्टनने १९३०च्या दशकात ही रचना बसवली. तेव्हापासून तिच्यात फारसं काही बदललेलं नाही, कारण बदलण्यासारखं फारसं नव्हतं. बॅटरी नाही, पडदा नाही, चार्जर नाही.

वाळवंटात तिचं पहिलं काम म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड. हवा तापली की विरळ होते, आणि पंख, पंखा व इंजिन तिघांनाही आपण प्रत्यक्षापेक्षा बऱ्याच उंचीवर आहोत असं वाटू लागतं. ही ‘वाटणारी’ उंची चकती काढून देते. आधी अल्टिमीटरच्या, म्हणजे विमानातल्या उंचीमापकाच्या, खिडकीत २९.९२ इंच (आपल्याकडे १०१३ हेक्टोपास्कल) लावून प्रेशर अल्टिट्यूड वाचायची. मग चकतीच्या गणिताच्या बाजूला एअरस्पीड करेक्शनच्या खिडकीत ही उंची बाहेरच्या तापमानासमोर आणायची. शेजारच्या डेन्सिटी अल्टिट्यूडच्या खिडकीत उत्तर तयार असतं. दहा सेकंदांचं काम.

उदाहरण सेडोनाचं घेऊ. ॲरिझोनातलं हे धावपट्टीचं गाव, पट्टी टेबलासारख्या सपाट डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४,८३० फुटांवर. हवेचा दाब प्रमाण धरू, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूडही तेवढीच. पहाटे २० अंश सेल्सिअस असताना चकती साधारण ६,५०० फूट दाखवते. दुपारी ३८ अंशांना तीच पट्टी ८,४०० फुटांवर गेलेली असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची या उंचीला जवळपास चौथाई ताकद गेलेली असते. १८० अश्वशक्तीच्या सेसना १७२एसकडे उरतात १३५च्या आसपास. वाळवंटातले हौशी पायलट पहाटे उठून सकाळी नऊच्या आत विमान परत बांधून का ठेवतात, ते खिडकीतले हे दोन आकडे सांगतात. दुपारचे धुळीचे भोवरे आणि धक्के हे त्यावर आणखी.

इथे पाठांतराच्या नियमाशी ताळा करून बघण्यासारखा आहे. प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश गरम, तितके गुणिले १२० फूट, हा सगळीकडे शिकवला जाणारा नियम. ४,८३० फुटांवर प्रमाण तापमान साधारण ५.४ अंश, ३८ म्हणजे ३२.६ अंश जास्त. उत्तर येतं सुमारे ८,७४०. चकती म्हणते ८,४००. चुकतो तो नियम. उष्णता जितकी जास्त तितका तो उंची फुगवून सांगतो, कारण प्रत्येक अंशामागचे फूट सगळीकडे सारखे नसतात. फुगवलेला आकडा सुरक्षित बाजूचा असल्याने नियम वाईट म्हणता येणार नाही, पण चकती जवळ असताना तो वापरायचं कारण नाही. फीनिक्सचं उदाहरण: उंची १,१३५ फूट, तापमान ४६ अंश, चकतीवर साधारण ४,८००. त्याच फीनिक्समध्ये २० जून २०१७ रोजी छोट्या सीआरजे जेट विमानांची डझनांनी उड्डाणं रद्द झाली होती, कारण त्या विमानांची कमाल तापमान मर्यादा ११८ फॅरनहाइट, म्हणजे ४७.८ सेल्सिअस, आणि पारा त्यापुढे जायची चिन्हं होती. मोठ्या कंपन्यांनाही ज्या उष्णतेपुढे थांबावं लागतं, तिचा हिशेब सुटीच्या दिवशी उडणाऱ्याने दहा सेकंदांत काढावा, एवढीच अपेक्षा.

आता आपल्याकडचा हिशेब. उलव्याचा नवा विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला. हवा ३४ अंश, दाब १०१३ धरला तर चकतीवर सुमारे २,१५० फूट येतात. मात्र या चकतीच्या खिडकीला आर्द्रता कळत नाही. तिच्या लेखी सगळी हवा कोरडी. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी. बाहेर ३४ अंश आणि दवबिंदू २६ अंश, म्हणजे आपला मेअखेरचा किंवा जूनच्या सुरुवातीचा चिकचिकाट, असेल तर खरी डेन्सिटी अल्टिट्यूड चकतीच्या आकड्यापेक्षा सुमारे ४०० फुटांनी जास्त असते. वाळवंटात दवबिंदू शून्याच्या आसपास असताना हाच फरक शंभर फुटांच्या आत राहतो. त्यातही पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३-१००४च्या घरात उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले, तर १०१३ गृहीत धरणाऱ्याचे आणखी जवळपास ३०० फूट हिशेबातून निसटतात. कोकणपट्टीत चकतीच्या उत्तरात चारशे फूट मनातच मिळवायचे, आणि दाब मात्र अल्टिमीटरवर बघूनच घ्यायचा.

धुळ्याला किंवा बारामतीला शिकणाऱ्यांनी मध्यभागी कुठेतरी राहावं: मे महिन्यात चकती जवळजवळ बरोबर, पावसाळ्यात हात राखून.

त्याच खिडकीच्या मांडणीत ट्रू एअरस्पीडही, म्हणजे हवेतून जायचा खरा वेगही, मिळतो, वेगळं काही लावावं लागत नाही. प्रेशर अल्टिट्यूड ६,५००, बाहेर ३० अंश, काट्यावरचा (कॅलिब्रेटेड) वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल. आतल्या चक्रावर १०० शोधा, त्याच्यासमोर बाहेरच्या चक्रावर ११६च्या किंचित अलीकडे. पहिली घोडचूक इथेच होते: आतलं बाहेर आणि बाहेरचं आत वाचलं जातं आणि ट्रू एअरस्पीड ८६ येतो. उंचीवर ट्रू एअरस्पीड नेहमी काट्यापेक्षा जास्त. कमी आला तर चक्र उलटं वाचलंय.

पण चकतीचे पैसे वसूल होतात ते मागच्या बाजूला. समजा सकाळच्या फेरीची दिशा ०२० अंश ट्रू, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून मोजलेली, ट्रू एअरस्पीड ११६, आणि त्या उंचीवरचा वारा २७०कडून १८ नॉट. तबकडी फिरवून २७० ट्रू इंडेक्सच्या खुणेखाली आणायचं. पट्टी सरकवून मधलं भोक १००च्या रेघेवर आणायचं. मधल्या उभ्या रेघेवर वर १८ मोजून, म्हणजे ११८वर, मऊ पेन्सिलीने बारीक ठिपका. मग तबकडी फिरवून ०२० इंडेक्सखाली, आणि ठिपका ११६च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवायची. भोकाखाली वाचा: जमिनीवरचा वेग १२१ नॉट. ठिपका मधल्या रेघेच्या डावीकडे साधारण ८ अंश, म्हणजे नाक ८ अंश डावीकडे: ०१२ ट्रू.

बटणं दाबून हेच उत्तर येतं, पण तिथे वारा चुकून ०९० टाकला गेला तर यंत्र मुकाट्याने चुकीचं उत्तर देतं. चकतीवर ठिपका डोळ्यांसमोर असतो: भोकाच्या खाली आणि डावीकडे, म्हणजे वारा मागून आणि डावीकडून. चित्र आणि आकडा जुळला नाही तर हात आपोआप थांबतो. विमानात नकाशा, रेडिओ आणि धक्के यांच्यामध्ये हा थांबा फार कामाचा.

इथे ठाण्या-मुंबईहून जाणाऱ्यांसाठी खास सापळा आहे. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाच्या आतला, त्यामुळे इथे सराव करताना या फरकाकडे, म्हणजे व्हेरिएशनकडे, दुर्लक्ष झालं तरी काही बिघडत नाही आणि ती सवय अंगवळणी पडते. फीनिक्सच्या आसपास तो सुमारे १० अंश पूर्व. पूर्व असेल तर वजा: ०१२चा चुंबकीय हेडिंग (नाकाची दिशा) झाला ००२. दहा अंशांची चूक म्हणजे साठ मैलांवर साधारण दहा मैल बाजूला. वाळवंटात सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसत असताना हे परवडत नाही. शिवाय हवामानाच्या लेखी अहवालात आणि अंदाजात वारा ट्रू उत्तरेवरून असतो, टॉवर रेडिओवर सांगतो तो चुंबकीय. चकतीवर ट्रूच वापरायचा. टॉवरचा वारा धावपट्टी निवडण्यासाठी.

वेळ आणि इंधन झटपट उरकतात. काळा त्रिकोण म्हणजे ६०, म्हणजे एक तास. तो बाहेरच्या १२१समोर लावला की ८४ नॉटिकल मैलांखाली आत ४१.७ मिनिटं. ताशी ८.५ गॅलन जळत असतील तर त्रिकोण ८५समोर, आतल्या ४१.७समोर बाहेर ५९, म्हणजे ५.९ गॅलन. दशांशचिन्ह चकती देत नाही, ५.९ की ५९ हे आपणच ठरवायचं. शाळेतली ‘आधी अंदाज, मग उत्तर’ ही सवय ज्यांनी मोडली, त्यांना चकती पहिले दोन आठवडे त्रास देते. लिटर-गॅलनच्या खुणांशी मात्र जपून. चक्रावर अमेरिकी गॅलन आणि इम्पीरियल गॅलन अशा दोन वेगळ्या खुणा असतात. एक ३.७८५ लिटरचा, दुसरा ४.५४६चा. चुकीच्या खुणेवर बोट गेलं तर टाकीतलं इंधन कागदावर वीस टक्क्यांनी फुगतं. विकत घेतल्या दिवशीच इम्पीरियलच्या खुणेवर पेन्सिलीने छोटी फुली मारून ठेवावी.

ट्रू अल्टिट्यूडची, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या खऱ्या उंचीची, खिडकीही आहे. हौशी पायलटच्या हातून ती परीक्षेनंतर क्वचितच उघडते.

आता कोणत्या मालाची घ्यावी. पुठ्ठ्याची सगळ्यात स्वस्त आणि वजनाला नगण्य. पण ऐरोली-बेलापूरच्या खाडीकाठी जुलैत बंद कपाटात ठेवली की कडा फुगतात, पट्टी खाचेत अडकते, आणि ती जोर लावून ओढली की मधली रेघ भोकाखालून बाजूला सरकते. मग दोन अंशांची चूक कायमची. ॲरिझोनात हीच चकती वर्षानुवर्षं ठणठणीत राहील. प्लास्टिकचं बरोब्बर उलटं: पावसाळ्याचं तिला काही नाही, पण उन्हात उभ्या विमानाच्या काचेमागे ग्लेअरशील्डवर (उपकरणांच्या वरच्या फळीवर) राहिली की तबकडी पापडासारखी कड उचलते आणि चक्र एका बाजूला घासायला लागतं. म्हणून ठाण्यात राहून वाळवंटात उडणाऱ्याने ॲल्युमिनियमचीच घ्यावी. दोन्ही हवामानं पचवणारी तीच. तिचे दोषही आहेत. उन्हात राहिली तर हाताला चटका बसतो, भर दुपारी पांढऱ्या पट्ट्यावरची चकाकी डोळ्यांना त्रास देते, आणि रंगाचा थर खरवडला गेला तर खाऱ्या हवेत तिथे पांढरी पूड धरते. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच, चकती मांडीवरच्या नीबोर्डच्या क्लिपखाली, सावलीत. तिसऱ्यासाठी किल्ल्यांच्या कप्प्यात टाकू नये.

धातूच्या चकतीतही पारदर्शक तबकडी प्लास्टिकचीच असते, हे लक्षात ठेवावं. ग्लेअरशील्डचा नियम तिलाही लागू.

आकाराच्या मोहात पडू नये. खिशात मावणारी छोटी चकती दिसायला गोड, पण तिच्यावर ११६ आणि ११७ वेगळे दिसत नाहीत. धक्के बसत असताना तर ११५ आणि १२०सुद्धा नाहीत. पूर्ण आकाराचीच घ्यावी; चाळिशी लागलेल्यांनी तर नक्कीच.

पार्सल आलं की परत करायची मुदत संपण्याआधी तीन तपासण्या. पहिली: आतल्या आणि बाहेरच्या चक्राचे १० समोरासमोर आणा. आता २०, ४०, ६०, ९० प्रत्येक ठिकाणी रेघेला रेघ जुळलीच पाहिजे. एका बाजूला जुळतात आणि समोरच्या बाजूला अर्धा भाग सरकतात, असं दिसलं तर मधला रिवेट केंद्रात बसलेला नाही. ही चूक फिरवून फिरवून जात नाही, परत पाठवायची. दुसरी: पट्टी वरपासून खालपर्यंत सरकवत भोकातून बघा. मधली रेघ सगळीकडे भोकाच्या मध्यातून गेली पाहिजे. पट्टी डावी-उजवीकडे हलत असेल तर वाऱ्याचा कोन एक-दोन अंशांनी डोलणार. तिसरी: चक्र अंगठ्याने फिरलं पाहिजे आणि चकती उभी धरून हलवली तरी जागेवरून सरकता कामा नये. नवीन चक्र थोडं घट्ट असणं चांगलं, वापराने सैल होतंच. तेल अजिबात घालू नये. तेलाने धूळ चिकटते आणि वाळवंटात ती धूळ म्हणजे पॉलिश पेपर.

पट्टीच्या दोन बाजू असतात, एक कमी वेगाची आणि एक जेटच्या वेगाची. पट्टी उलटी घातली गेली की रेघांमधलं अंतर बदलतं. ठिपका ११६च्या कमानीवर आणायला गेलं की ती कमान एक तर सापडत नाही, नाहीतर इतक्या दाट रेघांत सापडते की वाचता येत नाही. कमी वेगाच्या बाजूवर कोपऱ्यात ‘१७२’ लिहून ठेवलं की प्रश्न मिटतो.

इलेक्ट्रॉनिक पर्यायांबद्दल. बटणांचं सीएक्स-३ सारखं गणकयंत्र ही दुसरी सोय, आणि अमेरिकी विमानवाहतूक नियामक एफएएच्या लेखी परीक्षेत चकती आणि असं गणकयंत्र दोन्ही चालतात. फोन चालत नाही. प्रायव्हेट पायलटच्या त्या परीक्षेत ६० प्रश्न असतात, वेळेची ओढाताण नसते, त्यामुळे चकतीने मागे पडायची भीती नको. विमानात आयपॅडवरचं ॲप सगळ्यात सोयीचं, यात वाद नाही. पण ॲपल आयपॅड वापरायचं तापमान शून्य ते ३५ अंश असं सांगते. उन्हात उभ्या सेसनाच्या केबिनमध्ये ३५ ही सकाळी आठची गोष्ट. त्यापुढे पडदा आधी मंद होतो, मग थर्मामीटरचं चित्र दाखवून बंद. म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूडची सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्याच तासाला ती सांगणारं यंत्र झोपतं.

किमतीबद्दल एवढंच की धातूची पुठ्ठ्याच्या चकतीपेक्षा चांगलीच महाग पडते. परदेशातून मागवलीत तर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून मगच तुलना करावी. वस्तू पातळ आणि सपाट आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत लॅपटॉपच्या कप्प्यात सहज मावते. जुनी मिळत असेल तर रिवेटची तपासणी दोनदा करून खुशाल घ्यावी. आत बिघडण्यासारखं काही नसतं. फक्त तबकडी पिवळी पडलेली किंवा शाईच्या डागांची नको, कारण ठिपका त्यात हरवतो.

पेन्सिल २बी. एचबी फिकट पडते आणि जोर दिला की तबकडीवर चरा उमटतो, मग पुढच्या प्रत्येक फेरीत तो चरा ठिपक्यासारखा दिसतो. मार्कर आणि बॉलपेन वर्ज्य. खोडायला मऊ पांढरा खोडरबर, महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणं, बस. सॅनिटायझर, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांनी तबकडी धुरकट होते आणि ती सुटी मिळत नाही. ठाण्यात असेल तेव्हा पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह डब्यात, आडवी; उभी ठेवली तर पट्टी निसटून कोपऱ्यावर पडते आणि एकदा वाकलेला कोपरा खाचेत परत सरळ जात नाही.